गाण्याचा पंचनामा

“बंद कर बे ते! ए भोंगेवाल्या, बंद कर म्हन्तो ना! घोडी बुजून नवरदेव खाली आला, तर त्येला उचलायला तुझं हे खोकं येनार हाय का?”

घोडीवर मी होतो. माझ्याच लग्नाचा परण्या मारुतीच्या देवळाकडे निघाला होता. पुढे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर कपाटाएवढे दहा स्पीकर रचलेले होते आणि त्यांच्या दणक्यानं घोडीच्या पोटातलं पाणी हललेलं मला मांडीखाली कळत होतं. एवढ्यात पांढरं धोतर, पांढरा सदरा आणि काखेत पत्र्याचा डबा अशा थाटातला एक किडकिडीत माणूस ट्रॉलीवर चढला आणि तण उपटावं तशा दोन्ही हातांनी त्यानं वायरी उपटल्या. एकदम इतकी शांतता पसरली की गावातल्या कुत्र्यांनाही आता भुंकावं की नाही ते सुचेना. हे माझ्या बायकोचे मामा, म्हणजे माझे मामेसासरे. विजेचा शोध आपल्याला छळण्यासाठीच लागला अशी ज्याची खात्री आहे, आणि गळ्यातला आवाज तारेत शिरला की तो बाटतो असं जो पाण्यात उभं राहून सांगेल, असा दुसरा माणूस अंबाजोगाईपासून गेवराईपर्यंत सापडायचा नाही. सापडलाच तर तो मामांनीच कधीतरी शेजारी बसवून बिघडवलेला असणार.

त्या शांततेत मामांनी काखेतला डबा पुढे घेतला. ते त्यांचं तुणतुणं. तुपाचा रिकामा डबा, एका बाजूनं कातडं, वर बांबूची काठी आणि मधे एक तार. त्यांनी ती तार छेडली आणि घोडीसमोर उभं राहून माझ्यावर रचलेलं गाणं सुरू केलं. पहिल्या कडव्यात माझ्या घराण्याचं कौतुक झालं, वडिलांनी मिशीवर हात फिरवला. दुसरं कडवं असं:

नवरदेव उमापूरचा, नाकीडोळी बरा,
बी.ए.चे दोन इषय ऱ्हायले, बोलला न्हाई खरा.

वडिलांचा हात मिशीवरच राहिला. आम्ही सोयरिकीत मला ‘ग्रॅज्युएट’ म्हणून दाखवलं होतं. परण्यातल्या दीडशे माणसांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या मते घोडीनंही मान वळवून पाहिलं. नंतर कळलं की लग्नाआधी पंधरा दिवस हा माणूस उमापूरला येऊन गेला होता. हॉटेलात दिवसभर चहा पीत बसला, माझ्या न्हाव्याला भेटला, गुरुजींना भेटला, कॉलेजच्या कारकुनाशी तंबाखूची देवघेव करून आला. मी पुढे कधीतरी धीर करून विचारलं, “मामा, गाण्यात ते दोन विषय घालायची काय गरज होती?” तर मला म्हणाले, “जावई, खोटं गानं म्या आजवर केलं न्हाई. आन् तुमाला तर म्या सांभाळून घेतलं. न्हाव्यानं सांगितलं ते सगळं घातलं असतं, तर लगीनच मोडलं असतं.” तेव्हापासून मी न्हावी बदलला आहे.

युसूफ वडगावच्या बाजारापासून चार मैलांवर त्यांचं गाव. माझी बायको लहानपणापासून त्यांच्याकडेच वाढली, म्हणून लग्नही त्यांच्याच दारात लागलं, आणि सासुरवाडी म्हणून माझ्या वाट्याला हेच दार आलं. मामा पोटासाठी शेती करतात आणि जगण्यासाठी गाणी. कुणाचं बारसं असो, कुणी नवी मोटारसायकल घेवो, कुणाची म्हैस व्यालेली असो, मामांचं गाणं तयार. पण रचायची त्यांची रीत कवीची नाही, तलाठ्याची आहे. जागेवर गेल्याशिवाय, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि तीन माणसांना विचारल्याशिवाय त्यांच्या गाण्यात एक शब्द जात नाही. याला ते ‘पंचनामा’ म्हणतात. म्हशीवरच्या गाण्यात वय घालायचं म्हणून त्यांनी म्हशीचे दात मोजले होते. मालकानं सांगितलेलं वय आणि दातांनी सांगितलेलं वय यांत दोन वेतांचा फरक निघाला. गाण्यात दातांचं वय गेलं, आणि ती म्हैस पुढच्या तीन बाजारांत विकली गेली नाही. त्यांच्या भावकीतल्या एकानं बोअर पाडलं, पाणी लागलं म्हणून गावात पेढे वाटले आणि मामांना गाणं सांगितलं. मामा आदल्या दिवशी सकाळपासून बोअरच्या गाडीजवळ बसून जमिनीत जाणारा एकेक लोखंडी रॉड बोटावर मोजत होते, हे पेढे वाटणाऱ्याच्या ध्यानात नव्हतं. भर पारावर गाणं झालं:

साडेतीनशे फूट गेली, धूळ निघाली कोरडी,
गाडीवाला म्हनतो मालक, जाऊ आनखी थोडी.

पेढे खाल्लेली माणसं तोंड पुसत घरी गेली. भावकीतला तो माणूस मामांशी वर्षभर बोलला नाही. पण त्याची पोरं गोठ्यात गुपचूप तेच गाणं म्हणायची, कारण चाल फार गोड होती. मामांचं हेच तर आहे. खोड काढतात ती इतक्या सुरात काढतात की ज्याची खोड निघाली त्याचाही पाय ठेका धरतो. आणि जुन्या रीतीप्रमाणे शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव घालतात. का, तर कुणाला भांडायला यायचं असेल, त्यानं चुकून दुसऱ्याच्या दारात जाऊ नये.

तुणतुण्याच्या तारेचीही एक तऱ्हा आहे. बाजारातली तार मामांना चालत नाही, ती ‘पगारी’ वाजते म्हणतात. त्यांना मोटारसायकलच्या क्लचच्या केबलमधला एक पदर लागतो, तोही वापरून मुरलेला. त्यामुळे मामांची तार तुटली ही बातमी गावात फुटली की लोक गाड्या घरात घेऊन आतून कडी लावतात. मी जावई, मला पाहुणचाराला ‘नाही’ म्हणता येत नाही. गेल्या काही वर्षांत माझ्या गाडीचा क्लच सासुरवाडीत चार वेळा गेला आहे. चारही वेळा मामांनी मला शांतपणे सांगितलं, “कुठं जाता घाईघाईनं, ऱ्हावा की आज.” राहिलो. दुसरं काय करणार! माझ्या क्लचच्या तारेवर त्यांनी अख्ख्या केज तालुक्याची अब्रू गायली आहे, एवढं एक समाधान.

आता माईकचं. मामा जन्मतः माईकचे वैरी नव्हते. तरुणपणी त्यांनाही माईकचं आकर्षण होतं. एकदा तर रिकाम्या मंडपात माईकसमोर नुसतं खाकरून ते तासभर खूश होते, असं मामी सांगतात. वैर धरलं ते आमच्या भागातल्या एका भाऊंमुळे. हे भाऊ म्हणजे कुणाचे सख्खे भाऊ नव्हेत. बॅनरवर हात जोडून उभे असतात, ते भाऊ. त्यांचा वाढदिवस होता. कार्यकर्ते मामांकडे आले आणि भाऊंनी केलेल्या तीस कामांची यादी हातात ठेवून गेले. कार्यकर्त्यांचा अंदाज असा की मामा यादीला चाल लावतील. मामांनी यादी धोतराच्या सोग्यात बांधली आणि पंचनाम्याला निघाले. पंधरा दिवस पायी हिंडले. समाजमंदिराच्या जागी बाभळी सापडल्या, पुलाच्या जागी नुसता ओढा सापडला, व्यायामशाळेत कुणाचा तरी कडबा सापडला. तिसांतलं एक काम मात्र जागेवर निघालं: रस्त्याकडेचा प्रवासी निवारा. मामांना इतका आनंद झाला की ते तीन दिवस त्या निवाऱ्यातच बसून राहिले. मग वाढदिवसाला, हजारभर माणसांपुढं, भाऊंच्या शेजारी उभं राहून त्यांनी माईकवर आवाज लावला:

भाऊंनी निवारा बांधला, फरशी घातली गार,
येष्टी तिथं थांबत न्हाई, म्हशी बसत्यात चार.

पहिली ओळ हजार माणसांनी ऐकली. दुसरी ओळ ‘येष्टी’पाशी येताच मागं कुणीतरी बटण दाबलं. मामांचं तोंड हलतंय, गळ्याच्या शिरा ताणल्यात, हात हवेत गेलाय, आणि आवाज नाही. विहिरीतल्या बेडकासारखं चाललं होतं, असं पाहणारे सांगतात. पुढच्या रांगेत हशा पिकला. मामांना काही क्षण वाटलं, आपला गळाच गेला. माईक बंद झालाय हे कळल्यावर त्यांनी तो स्टँडसकट उचलून भाऊंच्या मांडीवर ठेवला, मंचाच्या कडेला आले आणि तीच ओळ नुसत्या गळ्यानं गायली. मागची माणसं पुढं सरकली. त्यांच्या मागची त्यांच्यावर चढली. शेवटी सगळी सभा मंचाला येऊन चिकटली आणि म्हशी चार होत्या हे शेवटच्या माणसापर्यंत पोचलं. मंचावरून उतरून मामा नारायणगडाच्या दिशेला वळले आणि हात जोडून म्हणाले, “नारायणगडाची आन. आजपस्तोर चुकलो. ज्या आवाजाचं बटन दुसऱ्याच्या हातात, तो आवाज आपला न्हाई. हितून म्होरं माईकला तोंड लावनार न्हाई.”

भाऊ पुढं निवडून आले, हे वेगळं सांगायला नको. पण निवाऱ्यात म्हशी बसल्या की लोक आजही गाडीवरून उतरून मोजतात.

ती शपथ मामांनी अशी पाळली की लोकांना वाटावं, शपथेलाच मामांची भीती असावी. लग्नकार्यात निवेदकानं नुसता माईक पुढं केला तरी मामा साप दिसल्यासारखे मागं सरायचे. एकदा शहरातून दोन पोरं आली, गिटार घेऊन. त्यांना ‘मातीतलं संगीत’ गोळा करायचं होतं. मातीतलं संगीत सदऱ्यावर बरं दिसत नाही म्हणून त्यांनी मामांना फेटा आणायला लावला. मामांकडं फेटा नव्हता, माझ्या लग्नातला आणला. मग बैलगाडी हवी म्हणाली. गावात सगळी ट्रॅक्टरवाली. शेवटी शेजारच्या गावाहून गाडी मागवली, आणि तिला जुंपलेले बैल फेटा बघून बिथरले. एवढं सगळं जमवून पोरांनी मामांपुढं मोबाईल धरला. मामांनी विचारलं, “ह्येच्यात माईक हाय का?” पोरं म्हणाली, “हो, अगदी बारीक.” मामा गाडीवरून खाली उतरले. “बारीक असला तरी माईकच की तो. कानानं आयका आन् ध्यानात ठिवा.” पोरांना कानानं ऐकून ध्यानात ठेवायची सवय नव्हती. जाताना त्यातला एकजण मला म्हणाला, “फार रॉ आहेत हो मामा.” मामांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “रॉ म्हंजी?” मी म्हटलं, “कच्चं.” मामा म्हणाले, “मंग त्येला म्हनावं, घरी नेऊन शिजीव.”

या सगळ्या काळात एक माणूस मात्र मामांच्या गाण्यात कधी आलं नाही. मामी. माझ्या लग्नात ‘दोन इषय’वाल्या कडव्यावरून नंतर सगळा मांडव हसत असताना मामी बायकांत बसून जे म्हणाल्या ते मी स्वतः ऐकलं: “जावयावर झालं, म्हशीवर झालं, बोअरवर झालं. माझा नंबर कवा लागनार हाय, त्या गडाच्या नारायनालाच ठावं.” हसत म्हणाल्या, पण दरवर्षी म्हणायच्या. अंगणात म्हणायच्या, पाहुण्यांपुढं म्हणायच्या, भाकरी थापताना परातीला ऐकवायच्या. मामांचं त्यावर एकच उत्तर: “गान्याला पंचनामा लागतो. तुझ्याबद्दल म्या कुनाला इचारू?” मामी म्हणायच्या, “मला इचारा की.” “तुला इचारलं तर तू सांगत न्हाईस.” “कावून सांगू? चाळीस वरसं डोळ्याम्होरं हाय. बोअरची गाडी एक दिवस व्हती तर रॉड मोजून ठिवले. माझ्याकडं बघितलं न्हाई का कवा?” यावर मामा तुणतुण्याची खुंटी पिळत बसायचे.

मामा खुंटी पिळत राहिले, आणि तेवढ्यात मामींचे कान गेले. एकदम नाही, हळूहळू. आधी पाखरं गेली, मग कुकरची शिट्टी गेली, मग आम्ही गेलो. एका शिबिरात त्यांना कानाचं मशीन मिळालं. दोन दिवस लावलं आणि काढून चहाच्या डब्यात ठेवून दिलं. म्हणाल्या, “त्येच्यात मानूस ऐकू येत न्हाई, सगळ्या गावाची भांडी घासल्याली ऐकू येत्यात.” तेव्हापासून ते मशीन चहाच्या पावडरीत आहे, आणि त्या घरचा चहा अधूनमधून शिट्टी मारतो असं मी सांगितलं तर बायको मला खोटारडा म्हणते.

पण दोन वर्षांमागं, शेंगा उपटायच्या दिवसांत, मामांनी मामींवर गाणं केलं. केलं म्हणजे त्यांच्यातून ते निघालं. मला शेतात नेऊन, बांधावर बसवून त्यांनी ते अर्धं म्हणून दाखवलं आणि अर्ध्यावर थांबले. मी विचारलं, “मामा, पंचनामा कुणाकडून केला?” तर भडकले. “ह्येच्यात कसला पंचनामा? म्या सोता डोळ्यानं बघितलंय. ह्ये एकच गानं असं हाय जावई, कुनालाबी न इचारता केल्यालं.” मग घरी आले. मामी चुलीपुढं होत्या. मामा त्यांच्या शेजारी बसले, तुणतुणं छेडलं आणि जो आवाज चार शेतं ओलांडून गुरं वळवायचा तो आवाज मामींच्या कानापाशी लावला. एक कडवं झालं. मामींनी भाकरी उलटली आणि म्हणाल्या, “मोठ्यानं बोला. पुटपुटू नका.”

मी माझ्या आयुष्यात पुष्कळ गायक पडलेले पाहिले. सभेत पडलेले पाहिले, मंचावरून पडलेले पाहिले, एकजण तर गाता गाता बैलगाडीवरून पडला. पण बसल्या जागेवर एवढा पडलेला गायक पाहिला नव्हता. मामांनी दुसऱ्यांदा गायलं, तिसऱ्यांदा गायलं. शेजारच्या तीन घरांची माणसं अंगणात जमा झाली, एकीनं डोळ्याला पदर लावला, आणि मामी म्हणाल्या, “एवढी मानसं कावून आली? कुनी गेलं का काय?” मशीन लावून बघा म्हटलं, तर चहाच्या डब्यातून निघालेल्या मशीननं एक शिंक दिली आणि कायमचं मिटलं.

त्यानंतर आठ दिवसांनी गल्लीत एक लग्न निघालं. तीच ट्रॉली, तेच दहा स्पीकर, आता विसावर गेलेले. गल्लीतली भांडी फळीवरून उड्या मारत होती, पोरांनी कानात बोटं घातली होती. मामा दारातून शिव्या मोजत होते. आणि ओट्यावर बसलेल्या मामींनी हातातलं काम थांबवलं, मान वर केली आणि हळूच म्हणाल्या, “कुनीतरी गायला लागलंय.” त्यांचं तोंड असं झालं होतं की मी सांगू शकत नाही. मामांनी ते पाहिलं. शिव्या थांबल्या. आत जाऊन ते खाटेवर भिंतीकडं तोंड करून आडवे झाले.

तीन दिवस मामा खाटेवरून उठले नाहीत. मामींना भोंगा ऐकू येतो हे कळल्यावर गावात चर्चेला नुसता ऊत आला. शपथेचा विषय म्हटल्यावर प्रत्येकाकडं तोडगा होता. सरपंच म्हणाले, माईक झाडाला बांधा, मामा हातभर लांब उभे राहतील, म्हणजे तोंड लावलं असं होत नाही. एका गुरुजींनी सुचवलं, माईकवर फडकं टाका, मग तो माईक राहत नाही, फडकं होतं. मामांनी सगळ्यांना हाकललं. “आन मोडायची तर सरळ मोडावी. आडून मोडली की एकाचे दोन गुन्हे.” चौथ्या दिवशी माझ्याच गाडीवर, नवीन क्लचसह, आम्ही नारायणगडाला गेलो. मी बाहेर चपला सांभाळत थांबलो. मामा आत जाऊन आले. मी विचारलं, “काय झालं?” म्हणाले, “सांगून आलो.” “मग? देव काय म्हणाला?” “देव कशाला काय म्हन्तोय? रांग लई व्हती.”

परत येताना आम्ही ट्रॉलीवाल्याकडं गेलो. माझ्या लग्नात ज्याच्या वायरी उपटल्या तोच माणूस. आता पोट सुटलेला, दोन लेकरांचा बाप. मामांना दारात बघून तो आधी स्पीकरांपुढं आडवा हात करून उभा राहिला. मामांनी मान खाली घालून काय पाहिजे ते सांगितलं. त्यानं आडवा धरलेला हात खाली घेतला. मग म्हणाला, “मामा, इतकी वरसं तुमी मला भोंगेवाला म्हन्ता. माझं बी एक गानं करा, मंग येतो.” मामा म्हणाले, “करतो. पन पंचनामा करीन.” तो म्हणाला, “मंग ऱ्हाऊ द्या. फुकटच येतो.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रॉली उलटी चालवत मामांच्या अंगणात आणली. अख्खं गाव गोळा झालं. मामांनी शपथ मोडलेली बघायला युसूफ वडगावच्या बाजारातून माणसं वांगी तशीच टाकून आली होती, असं म्हणतात. मी स्वतः दोन पिशव्या वाटेवर पडलेल्या पाहिल्या. मामी ओट्यावर सूप घेऊन ज्वारी पाखडत होत्या. एवढी माणसं बघून त्यांनी पदर सारखा केला आणि पुन्हा पाखडायला लागल्या. मामा माईकपुढं उभे राहिले. आधी, जुन्या भांडणातल्या सोयऱ्याकडं लग्नात पाहतात तसं माईककडं पाहिलं. मग तोंड पुढं नेलं, आणि लावलं. माईक कुईऽऽ करून ओरडला. मामा दचकले नाहीत. तार छेडली, माझ्या क्लचची, आणि गायला लागले:

वडगावाच्या बाजारातून येष्टीमधून आली,
हिरवं लुगडं नेसून माझ्या घराची झाली.
हिरव्या लुगड्याचा काठ उंबऱ्यात अडकला,
सोडवताना हात माझा पयल्यांदा लागला.
चाळीस वरसं दुसऱ्यांचं मी गात गात फिरलो,
तू दळलंस, तू रांधलंस, मी जेवून म्होरं सरलो.

आम्हाला वाटलं होतं, माईकमुळं मामांचा आवाज आभाळाला भिडेल. तसं काही झालं नाही. माईकनं मोठी केली ती मामांची धाप. दोन शब्दांच्या मधे ते श्वास कसा ओढतात, ओळीच्या शेवटी गळा कसा कापतो, नुसत्या गळ्यानं गाताना आम्ही कुणी कधी ऐकलंच नव्हतं. वीस स्पीकरांतून एका म्हाताऱ्या माणसाचा श्वास गल्लीभर ऐकू येत होता. ट्रॉलीवाला बटणावर हात ठेवून उभा होता आणि तो हात त्यानं शेवटपर्यंत हलवला नाही. शेवटच्या ओळीत मामा नेहमी स्वतःचं नाव घालतात. या गाण्यात त्यांनी मामींचं घातलं.

गाणं संपलं. मामा माईक धरून तसेच उभे. सगळं गाव ओट्याकडं बघत होतं. मामींच्या हातातलं सूप मधेच कधीतरी थांबलं होतं. आता त्यांनी त्यातला एक खडा वेचून अंगणात टाकला. मामांनी माझ्याकडं पाहिलं. मी ओट्यापाशी गेलो आणि मामींच्या कानापाशी वाकून ओरडलो, “मामीऽऽ! ऐकू आलं का?”

मामींनी सूप पुन्हा हलवायला घेतलं आणि मान वर न करता म्हणाल्या, “लुगडं जांभळं व्हतं.”